लई जड हाय गं!

त्या साली सगळा जिल्हा पाण्यावाचून वाळत होता, आणि मी एकटा डॉक्टरला विचारून वाळत होतो.

जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. उस्मानाबादपासून वेगळं होऊन आम्ही लातूरकर 'जिल्ह्याचे' झालो, फटाके वाजले, पेढे वाटून झाले, आणि मग पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच! आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "भावाभावांत वाटणी झाली की एकाला म्हैस जाते न् दुसऱ्याला खुंटा. आपल्याला दुष्काळ आला." (दुष्काळ उस्मानाबादलाही होता. पण अण्णांना हे सांगणार कोण?)

नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या जागा मिळेल तिथं बसल्या होत्या. आमची बसली होती एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात. मी तिथं कारकून, नाव बसवराज, घरीदारी बसू. पंख्याखाली फाइली उडायच्या आणि फाइलींबरोबर तुरीचा भुसा. त्या गोदामाच्या शेजारी भज्यांचा गाडा होता, घरी मायच्या हातचं तूप होतं, आणि मला दोन्हीकडं नाही म्हणायची सवय नव्हती. त्यामुळं माझी तब्येत होती. आमच्याकडं 'तब्येत हाय' याचा अर्थ माणूस चांगला भरलेला आहे. आणि बारीक झाला तर त्याला म्हणतात 'खराब झाला'! मी वजन उतरवावं हे आमच्या बोलीलाच मंजूर नव्हतं, तर माणसांना कुठून होणार?

पण उतरवायची पाळी आली. कारण महानंदा.

दिवाळी होऊन गेल्यावर औशाच्या पलीकडच्या एका गावात आम्ही मुलगी पाहायला गेलो. एसटीनं गेलो, फुफाट्यानं माखून उतरलो. अंगणात दोन घागरी भरून ठेवल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी हातपाय धुतले, चुळा भरल्या. मी तोंड धुतलं. मग आरशात पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून साबण लावून पुन्हा धुतलं. नवरदेव ना मी!

महानंदा सुशीलाच्या बश्या घेऊन आली. (हे मुलीचं नाव नव्हे. आमच्याकडं भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देतात, त्याला सुशीला म्हणतात. पुण्याच्या एका साहेबांना मी 'सुशीला घ्या' म्हणालो तर ते उठून उभे राहिले होते.) तिनं बशी ठेवली, एकदाच वर पाहिलं, आणि आत गेली. त्या एका पाहण्यात माझं काम झालं. खोटं कशाला सांगू, मला ती मनापासून आवडली.

मी दुसऱ्या बशीला हात घातला आणि तेवढ्यात आतून, पडद्यामागून, तिचाच आवाज आला.

"लई जड हाय गं माय! मला न्हाई झेपायचं."

"हळू बोल की, पाहुणे हायत!" हा तिच्या आईचा आवाज.

बाहेर कोणाचं लक्ष नव्हतं; अण्णा आणि मुलीचे वडील चन्नाप्पा मामा कोणाच्या विहिरीला किती पाणी उरलं ते बोलत होते. मी बशी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धी ठेवली.

चार दिवसांनी निरोप आला, 'पोरीला पसंत हाय, वैशाखात बार उडवू.' घरात आनंदीआनंद! मला मात्र ते पटेना. पोरीला कसली पसंत? बापानं डोळे वटारले असणार आणि तिनं मान खाली घातली असणार. माझ्या या कानांनी ऐकलं होतं ना! हे कोणाला सांगायची सोय नव्हती. 'तुमच्या लेकाला मुलगी जड म्हणाली' हे मायला सांगितलं असतं तर तिनं त्या गावावरून एसटी जाऊ दिली नसती. म्हणून मी गपगुमान ठरवलं, वैशाखापर्यंत आपण असं व्हायचं की महानंदाला झेपलं पाहिजे.

नव्या जिल्ह्याबरोबर पुण्याकडचे एक डॉक्टर बदलून आले होते. बिचारे फार सज्जन. म्हणाले, "औषध मुळीच नको. सगळं नैसर्गिकपणे करायचं. भरपूर पाणी प्या."

"साहेब, टँकर चार दिवसाला येतो."

"असं का? मग ताजी काकडी, टोमॅटो, पालेभाज्या यांवर भर द्या."

"साहेब, बाजारात सध्या वाळल्या मिरच्या हायत."

"हं. व्यायामात पोहणं सर्वोत्तम..."

इथं त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. खिडकीतून समोरच्या नळाला लागलेली रिकाम्या घागरींची रांग त्यांना दिसत होती. चष्मा पुसून ते हळूच म्हणाले, "भूक असेल तेवढंच जेवा. तळलेलं सोडा. रात्री लवकर आणि हलकं खा. सकाळी चाला, आणि अंगाला थोडं कष्टाचं काम लावा." एवढं मात्र दुष्काळात जमण्यासारखं होतं. खरं तर बाकीचा जिल्हा ते सक्तीनं करतच होता.

पहिली लढाई घरात झाली.

"अर्धीच भाकर? का रं बसू, माझ्या हाताला काय झालं?"

"माय, भूक तेवढीच हाय."

"आजवर कधी भुकेपुरतं जेवलास का रे तू? खरं सांग, कुठं दुखतंय?"

"कुठंच न्हाई."

"मग कोण काय बोललं?"

इथं मी ताटावरून उठलो, आणि माझ्या त्या उठण्यावर मायनं आठ दिवस रडून घेतलं. शेंगाच्या चटणीवर तेल नको म्हणालो त्या दिवशी तर अण्णाही ताटावरून उठले. बिनतेलाची चटणी त्यांनी फक्त सुतकात पाहिली होती.

मग आली येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. आंबील, खीर, बाजरीचे उकडलेले उंडे, आणि डाळी-पाल्याची पळीवाढी भज्जी! वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. त्या साली शेतं उघडी बोडकी पडली होती, ज्वारी वीतभर येऊन जागेवर करपली होती. तरी लोक आले होते. मावशीच्या शेतात तिनं कुठून कुठून डाळी गोळा करून भज्जी केली होती. तिनं दुसऱ्यांदा पळी पुढं केली आणि मी ताटावर हात आडवा धरला. म्हणालो, "पुरे."

सगळी पंगत थांबली. येळवसला 'पुरे' म्हणालेला माणूस आमच्या घराण्यात तोवर झाला नव्हता. मावशी पळी धरून तशीच उभी राहिली. "कमी पडंल म्हणून नगं म्हणून राहिलास ना? असू दे लेकरा, खा. हाय अजून." पातेल्यात फारसं नव्हतं, ते मला दिसत होतं. डॉक्टरचं ऐकावं की मावशीचं, मला कळेना. शेवटी खाल्लं, आणि ते खाल्लेलं मला दोन दिवस पचलं नाही.

संक्रांतीपर्यंत माझी विजार कमरेवर राहीना. शेजारी खाजामियाँ शिंप्याचं घर. लग्नाची पँट त्यांच्याकडं टाकली होती. त्यांच्या वहीतलं दिवाळीच्या कपड्यांचं माप आणि समोर उभा असलेला मी, यांचा मेळ त्यांना लागेना. "बसूभाई, दिवाली को नापा था वो आदमी कां गया?" त्यांनी एकदा आत घेतली, पंधरा दिवसांनी पुन्हा आत घेतली. दोन्ही मागचे खिसे सरकत सरकत मधोमध येऊन एकमेकांना भेटले.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरून चाचींनी पदराखाली झाकून एक वाडगा आणला. मायला म्हणाल्या, "बहन, शरमाना नक्को. मसूर की दाल है, गोश्त नहीं, तुमारे लायक है. बच्चा रात को खाना छोड दिया सुने." त्यांच्या घरात सहा तोंडं आणि शिलाईला गिऱ्हाईक नाही. माय पेचात पडली. वाडगा परत करावा तर त्यांचं मन मोडतं, ठेवावा तर कोणाच्या तोंडचा घास आपण ठेवतोय! तिनं तो ठेवला, वाडग्यात गुळाचा खडा घालून परत केला, आणि मग आत येऊन मला जे काय बोलली ते मी इथं लिहू शकत नाही. 'बसूच्या घरी एकच वेळ चूल पेटते' अशी बातमी गल्लीत कधीच झाली होती. आम्हालाच ती शेवटी कळली.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी चालायला लागलो!

पहाटे उठून औसा रस्त्यानं जायचं, गाव संपल्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं तिथवर, आणि माघारी. खडीचे ढीग लागलेले असायचे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं हातोडीनं दगड फोडत बसलेली. मी घाम काढायला तिथवर जायचो. त्यांना घाम परवडत नव्हता. त्यांच्यासमोरून हात हलवत चालायची मला लाज वाटायला लागली. एक म्हातारी रोज विचारायची, "कुठं निघालास बापू?" कुठंच नाही, जाऊन परत येतो, असं कसं सांगायचं? एके दिवशी तिच्या डोक्यावरचं घमेलं मी घेतलं आणि ढिगावर टाकून आलो. मग दुसरं घेतलं. डॉक्टर म्हणालेच होते, अंगाला कष्टाचं काम लावा. पुढं पुढं तो नेमच झाला. शर्ट काढून ठेवायचा, टॉवेलाची चुंबळ करायची, आणि कचेरीची वेळ होईतो तिची घमेली वाहायची. अंग हलकं झालं, झोप लागायला लागली. इतकं चांगलं मला कधी वाटलं नव्हतं.

असाच एके सकाळी डोक्यावर घमेलं, अंगावर बनियन, तोंडाला पांढरा धुरळा अशा अवतारात मी उभा होतो आणि समोरून औशाकडून येणारी एसटी गेली. खिडकीत एक फेटा होता. फेटा मान वळवून माझ्याकडं लांबपर्यंत बघत गेला. मी मनात म्हटलं, असेल कोणी. आणि पुढचं घमेलं उचललं.

घरी आलो तर बैठकीत तोच फेटा! चन्नाप्पा मामा लग्नाचा बस्ता बांधायला लातूरला आले होते. समोर चहाचा कप तसाच, गार झालेला. अण्णांची मान खाली.

"शरणार्थ मामा," मी वाकून नमस्कार करत म्हणालो. अंगावरचा धुरळा त्यांच्या पायांवर सांडला.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती खराब झालात हो!" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "चहा का घेतला न्हाई म्हणून इचारून राहिले तुमचे अण्णा. कसा घिऊ? साखर ऱ्हाऊ द्या घरात."

"अहो साखर हाय!" माय दारातून म्हणाली.

"असंल माय, असंल. पर म्या डोळ्यांनी बघितलं. जावई खडीवर हाय."

"ते काम नव्हं, व्यायाम हाय!" मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हंजे... दगड उचलायचे. नुसतेच."

"नुसतेच?"

"हाव. वजन कमी व्हावं म्हणून. मी मुद्दाम वाळून राहिलो, मामा!"

"ह्या साली?" मामा म्हणाले. "मुद्दाम?" आमची जनावरं, आमची झाडं, आमची माणसं सगळी वाळत असताना मी मुद्दाम! ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटणार, आणि खरं वाटलं तर त्याहून वाईट.

तेवढ्यात अण्णांनी आमची बाजू सावरली. म्हणजे पार बुडवली. "खोटं न्हाई सांगत तो. डॉक्टरनंच सांगितलंय त्याला."

"डॉक्टर?" मामा उभेच राहिले. "म्हंजे दुखणं हाय! छातीचं तर न्हाई ना?"

"काही दुखणं न्हाई!" माय, अण्णा आणि मी एकदम ओरडलो. एवढ्या एका सुरात फक्त खरं दुखणं असलेली घरंच बोलतात.

मामांनी फेटा नीट केला. "पोरीचा बाप हाय मी. राग धरू नका. घरात काही नसतं तरी पोरगी दिली असती, सगळ्यांचंच हे साल हाय. पर अंगात दुखणं आसंल तर... पोरीला इचारतो न् कळवतो." आणि ते बस्ता न बांधता गेले. जाताना दारातून वळून मला हळूच म्हणाले, "जेवत जा बाबा."

कळवतो म्हणाले ते कळवलंच नाही. चैत्र लागला. पाडवा आला आणि गेला. माय दारात एसटीच्या वेळा धरून बसायची. खाजामियाँनी पँट तिसऱ्यांदा आत घ्यायला नकार दिला, म्हणाले, "पहले शादी पक्की करो, फिर पतलून पक्की करता." मी जेवत नव्हतो असं नाही, पण आता घासच उतरत नव्हता. गंमत बघा, ज्या मुलीला झेपावं म्हणून हलका झालो, ती त्या हलकेपणापायीच हातची चालली होती.

शेवटी मी एसटीत बसलो. नवरदेवानं एकट्यानं सासुरवाडीला जायची आमच्यात रीत नाही, मोडलेल्या सोयरिकीत तर नाहीच नाही. पण म्हटलं, तिच्याच तोंडून एकदा नाही ऐकावं आणि सुटावं.

गावाच्या अलीकडंच एका विहिरीवर बायकांची ही गर्दी! सगळ्या गावाला तेवढीच एक उरली होती. महानंदा काठावर दोन घागरी भरून उभी होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं ओळखलं नाही.

"मी बसवराज. लातूरचा."

"अगं बया! निम्मेच आलात जणू!"

बायका फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. "बाकीचं तुमच्यापायी गेलं," मी म्हणालो. "पडद्यामागून काय बोललात ते ऐकलंय मी. लई जड हाय, मला न्हाई झेपायचं. तुमच्या मनात नव्हतं तर तसं सांगायचं. मी उगा पाच महिने..." आवाज फुटला, आणि तोही सगळ्या पाणवठ्यासमोर!

तिनं पायाशी पाहिलं.

"ही!" ती म्हणाली. "ही घागर! तुमी समदं पाणी सांडून ठिवलं, कोणीतर दोनदोनदा तोंड धुतलं म्हणं. माय म्हणली दुसरी आण. म्या सकाळपासनं चार खेपा केल्या हुत्या इथून. तवा म्हणलं, लई जड हाय गं माय."

मी काठावर बसलो. दोनदोनदा तोंड धुणारा कोणीतर समोरच बसलेला होता हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. जे पाणी तिनं ऊन डोक्यावर घेऊन गावाबाहेरून आणलं ते मी साबण लावून नालीत सोडलं होतं, तेही गोरा दिसावं म्हणून! तिच्याकडं वर पाहायची माझी हिंमत होईना.

"मग पसंत म्हणालात ते?" मी जमिनीकडं बघत विचारलं.

"तुमाला बघून म्हणलं. येवढा थोराड गडी हाय, म्हणलं, दोन घागरी तर एका दमात आणंल!" आणि तिचा चेहरा उतरला. "आता आबा म्हणून राहिले, दुखणं हाय. खरं हाय का वो?"

मी उठलो. टॉवेलाची चुंबळ केली, एक घागर डोक्यावर घेतली, दुसरी कमरेला लावली. खडीच्या घमेल्यांनी मान आणि कंबर अशी तयार केली होती की मला माझंच नवल वाटलं. ती पुढं, मी मागं, असे आम्ही गावातून निघालो आणि एक थेंब सांडला नाही. चन्नाप्पा मामा ओट्यावर बसले होते. जावई डोक्यावर घागर घेऊन दारात आला, धाप नाही, खोकला नाही! ते हळूहळू उठले. घागर स्वतः उतरून घेतली, माझ्या छातीला कान लावून ऐकलं (सगळ्या गल्लीसमोर!), आणि आत आवाज दिला, "अगं, साखर टाकून चहा ठेव. बस्ता बांधायचा हाय."

लग्न वैशाखातच झालं. वरातीत पँट हातानं धरून चालावं लागलं, कारण खाजामियाँनी पक्की करायच्या आत दिवस उजाडला होता. पाऊस त्या साली उशिरा का होईना पडला. तोवरच्या सगळ्या घागरी मी आणल्या. महानंदा 'राहू द्या' असं एकदाही म्हणाली नाही.

आता घरात नळ आहे, नळाला कधीमधी पाणीही येतं. वाहायला काही उरलं नाही, त्यामुळं माझी तब्येत पुन्हा मूळ पदावर आली आहे. परवा गुडघा धरला. पलंगावरून उठता येईना म्हणून हिनं काखेत हात घालून उठवून पाहिलं, सोडून दिलं, आणि आत सुनेकडं गेली. पडद्यामागून आवाज आला, "लई जड हाय गं माय! मला न्हाई झेपायचं."

मी पलंगावरून वाकून घरभर नजर फिरवली. ह्या खेपेला घरात एकही घागर नव्हती.